दहा मिनिटं पुढे लावलेलं मशीन

आमचे हे जमिनीवर आडवे पडले होते आणि सुनेच्या मोबाइलवर पुन्हा तेच वाक्य आलं: थोड्या वेळाने प्रयत्न करा.

भर दुपार होती. ह्यांचं कपाळ घामाने भिजलेलं, एक हात छातीवर. मी पदराने वारा घालत होते. त्याने काही होणार नाही, हे मलाही कळत होतं.

"परत दाब," मी म्हटलं.

"दाबतेय ना आई! घेतच नाही."

"मग त्याला फोन लाव."

त्याला म्हणजे माझ्या मुलाला. अ‍ॅम्ब्युलन्स बोलवायचं ते अ‍ॅप त्याने नोकरीत बनवलं होतं. आमच्या तरसाली भागात कुठेही पाच मिनिटांत गाडी येते, असं सगळ्यांना सांगायचा. सरकारी गाडीला फोन करावा, हे आम्हा दोघींना सुचलंच नाही. घरी गाय असताना दूध विकत कोण आणतं?

मुलगा फोनवर म्हणाला, "अ‍ॅपचं मशीन तर चालू आहे. थांबा, बघतो."

आम्ही थांबलो. शेवटी शेजारचे रिक्षावाले काका आत आले, ह्यांच्याकडे बघितलं आणि सुनेवर ओरडले, "बेन, मोबाइल मूको ने हवे! मारी रिक्षा ऊभी छे." सुनेला मोबाइल ठेवायला लावून त्यांनी ह्यांना उचलून रिक्षात घातलं. डोकं माझ्या मांडीवर होतं. दवाखान्याच्या दारातच डॉक्टरांनी तपासलं आणि संपलं म्हणून सांगितलं.

तेराव्याला माझी नणंद मांडवीहून आली. पंगतीत मोठ्याने म्हणाली, "वहिनी, लेकाने गावाला गाड्या दिल्या आणि बापाला रिक्षा!" मुलगा वाढत होता. त्याने भाजीचं पातेलं खाली ठेवलं आणि गच्चीवर गेला. मी मागे गेले.

"काय झालं होतं ते मला सांग," मी म्हटलं. "मी चौथी शिकलेय. तेवढ्यात बसेल असं सांग."

तो म्हणाला, "आई, गरब्याच्या मैदानावर फाटकात माणूस असतो ना? गर्दी एकदम घुसू नये म्हणून थोडे आत सोडतो, जरा थांबतो, मग पुढचे सोडतो. तसं एक फाटक मी अ‍ॅपला लावलंय. एकदम हजार जणांनी बटण दाबलं तर मशीन बंद पडेल, म्हणून."

"बरं."

"पुढचे कधी सोडायचे, ते फाटक घड्याळ बघून ठरवतं. कोणी काटे मागे फिरवले तर त्याला वाटतं, अजून वेळच झाली नाही. काटे पहिल्या जागी येईपर्यंत ते कोणालाच सोडत नाही."

"काटे कोणी फिरवले?"

"मशीनची वेळ दहा मिनिटं पुढे होती. एका नव्या माणसाने त्या दुपारी ती मागे आणून बरोबर केली. त्याची चूक नाही."

"पुढे कोणी लावली होती?"

"मी."

आमच्याकडे घड्याळ दहा मिनिटं पुढेच असतं. ह्यांची कारखान्याची पाळी होती तेव्हापासून. ड्रायव्हर उशिरा निघू नयेत म्हणून मुलाने ऑफिसातही तसंच केलं होतं.

"दुसरं घड्याळ असतं, आई. मशीनच्या आत. किती वाजले ते त्याला माहीत नसतं. मशीन चालू झाल्यापासून किती वेळ गेला, एवढंच ते मोजतं. त्याला कोणी मागे नेऊ शकत नाही. फाटकाला ते लावायला हवं होतं."

"मग का नाही लावलंस?"

"त्याचा आकडा बघून काही समजत नाही. नेहमीच्या घड्याळात सरळ चार वाजले, पाच वाजले असं दिसतं. मला तपासायला सोपं पडत होतं."

खाली पंगत उठायला लागली होती. त्याने माझा हात धरला. मोठा झाल्यापासून कधी धरला नव्हता.

"गाडी आली असती तर बाबा वाचले असते का?"

'नाही' म्हणणं सोपं होतं. शेजारणी मला आधीच शिकवून गेल्या होत्या, तसंच म्हणा, पोराला बरं वाटेल. पण मी डॉक्टरांना विचारलं होतं आणि ते म्हणाले होते, "सांगता येत नाही, माँजी."

"सांगता येत नाही," मी म्हटलं.

त्याने हात सोडला.

फाटकाचं घड्याळ त्याने हे गेल्याच्या दुसऱ्याच दिवशी बदललं होतं. एका ओळीचं काम होतं, सून म्हणाली. आता गाड्या येतात म्हणे. तो कामाला जातो, परत येतो, भिंतीकडे तोंड करून पडतो. सून ताट ठेवते, ताट तसंच उचलते. देवाला सांगून बघ, असं मला लोक म्हणतात. मी देवाला काही सांगत नाही. मी मुलाला विचारलं, गच्चीवरचा तो प्रश्न परत विचारशील का मला? तो नाही म्हणाला. मला माहीत आहे, तो रोज विचारतो, फक्त मला विचारत नाही. माझ्याकडे दुसरं उत्तर नाही आणि येणारही नाही.

हे गेले. मी, मुलगा आणि सून जिवंत आहोत.