गोजरमावशींचा शेजार

आमच्या गावच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टर बदलले, भिंतींचा रंग बदलला, पण कुठली खाट कुणाला हे तीस वर्षं गोजरमावशीच ठरवायच्या. कागदोपत्री त्या आया होत्या. कागद कोण बघतंय?

त्यांची पद्धत साधी होती. ज्याच्याकडं कुणी येत नाही, त्याला टाकायचं ज्याच्याकडं सगळं गाव लोटतं त्याच्या शेजारी. मग डबा आपोआप दोघांचा व्हायचा. सलाईन संपली की कुणीतरी बोंबलायचं. कॉलेजात असताना माझं अपेंडिक्स काढलं, तेव्हा वडील टेम्पोवर आणि आई शेतात. मावशींनी मला केशरबाई नावाच्या म्हातारीशेजारी टाकलं. म्हातारीला सात नातवंडं. चौथ्या दिवशी मी आठवा झालो, आणि तिची बोलणीही खाल्ली.

मावशी निवृत्त झाल्या आणि तो तीस खाटांचा वॉर्ड पाडला. नव्या इमारतीवर शंभर खाटांची पाटी आहे. पाटी वेळेवर आली, डॉक्टर अजून यायचेत. तोवर गावाची दुखणी शहरात, सावेडीतल्या खाजगी दवाखान्यात जातात.

यंदा मावशींचा पाय घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं. मुलगा अजिनाथ नागापूरला कारखान्यात आहे, त्याच्या विम्यातून तिथं स्पेशल रूम मिळत होती.

"मला आपल्या वॉर्डात ने," मावशी म्हणाल्या.

"आई, वॉर्ड राह्यलाय कुठं?"

ऑपरेशन झाल्यावर तिसऱ्या दिवशी मी गेलो. एसी, टीव्ही, सोफा, आणि खाटेवर भिंतीकडं तोंड करून मावशी. अजिनाथ ड्युटीवर.

"काय मावशी, राणीसारखा थाट हाय की!"

"राणीशी बी कुनी बोलत आसंल, मुडद्या. इथं त्या टीव्हीशिवाय कोन बोलतंय?"

एवढ्यात मोनिका सिस्टर गोळ्या घेऊन आली. मावशींनी तिचा हात धरला. "पोरी, मला जनरलमधी टाक. ज्याच्याकडं लई मान्सं येत्यात, त्याच्या शेजारी."

"मावशी, तिथले लोक इकडं यायला धडपडतात आणि तुम्ही तिकडं निघालात?" सिस्टर हसली. पण मावशी जेवेनात, तेव्हा अजिनाथनं फोनवरूनच हात टेकले.

संध्याकाळी खाट मिळाली. शेजारी पाथर्डीकडच्या ऊसतोडीच्या कुटुंबातली दगडाबाई, अकरा माणसं सोबत आलेली. मावशींनी चादर नीट केली, केस सारखे केले. मग मधला हिरवा पडदा बाजूला केला. दगडाबाई गुंगीत होती. स्टुलावर तिची एकटी सून पेंगत होती.

"बाकीची कुठं हायेत?"

"खाली, गाड्या लावत्यात तिथं," सून म्हणाली. "पास एकालाच देत्यात."

मावशींनी खिडकीकडं मान वळवून बघितलं, पण खुब्यामुळं उठता येईना.

"तू खाली जा," त्या मला म्हणाल्या. "त्यांच्यात बस. अन माझ्या फोनवर फोन लावून चालू ठेव."

मी गेलो. पत्र्याच्या शेडखाली पटकूर अंथरून सगळी जेवायला बसली होती. दगडाबाईचा मुलगा गोरक्षनाथ ठेच्यात मीठ कमी म्हणून बायकांना टोमणे मारत होता आणि त्या त्याला दुप्पट परत देत होत्या. माझ्या हातात न विचारता भाकरी आली. मी फोनचा स्पीकर लावून सांगितलं, वर आमची मावशी हाय, दगडाबाईच्या शेजारी.

"आजे, खाली ये की जेवायला!" गोरक्षनाथ फोनवर ओरडला. "आमची म्हातारी नीट झोपलीय का?"

"झोपलीय. बघते मी तिच्याकडं," मावशी म्हणाल्या. "तुमी जेवा."

पुन्हा ठेच्यावरून जुंपली, आणि कोण काय म्हणतंय ते मी फोनवर मावशींना सांगत राहिलो. मग वाटलं, त्यांना झोप आली असेल. मी फोन कानाला लावून म्हटलं, "मावशी, ठेवू का?"

"ठिवू नगं," त्या हळूच म्हणाल्या. "तू लई बडबडतो. त्यांना बोलू दे."

मी फोन भाकरीच्या दुरडीजवळ ठेवला.