अर्धा सूर खाली

या बाईंना मी ओळखत होतो असं म्हणायला मन धजत नाही. त्यांचं घर मी कधी पाहिलं नाही. चहात साखर घेत की नाही, तेही आठवत नाही. सव्वीस वर्षं एका थिएटरात काम केलं, पण मी रंगमंचाखालच्या खोलीत. गाण्यांची स्वरलिपी हाताने उतरवून वादकांना द्यायची, हे माझं काम. डोक्यावर फळ्यांचं छत, त्यामुळे बाई मला आधी पावलांवरून कळल्या, मग आवाजावरून. आता त्या नाहीत. त्यांच्या थोरल्या बहीण म्हणाल्या, "तुम्हीच लिहा, बाकीचे फार वाढवून लिहितील." म्हणून हे.

थिएटरात बाईंना सगळे जोकर म्हणत. हसवायच्या म्हणून नव्हे; पत्त्यातला जोकर कुठल्याही पानाच्या जागी लागतो, तसं. शुक्रवारी राणी, शनिवारी राणीची मोलकरीण, नायिकेचा घसा बसला की नायिका. रविवारी दुपारी शेजारच्या सभागृहात मैफल, तिथे पियानोशेजारी स्थिर उभं राहून गायचं. नाटकात झाडू मारतानाही त्यांचा सूर हलत नसे. मैफलीत मात्र रिकाम्या हातांचं काय करावं ते त्यांना कधी उमगलं नाही. "झाडू घेऊन गायलं तर चालेल का हो, दादा?" असं मला विचारत.

ताईंना, म्हणजे थोरल्या बहिणीला, हे पटत नसे. "एक ना धड, भाराभर चिंध्या," त्या म्हणायच्या. बाई म्हणत, "गोधडी चिंध्यांचीच होते, ताई." पण ताई ऐकायला कधी आल्या नाहीत.

पन्नाशी उलटल्यावर बाईंना पहिल्यांदा त्यांच्या एकटीची मैफल मिळाली. ताईही येणार होत्या. आठ दिवस आधी बाई माझ्या खोलीत आल्या आणि दार लोटून घेतलं.

"दादा, शेवटचं गाणं अर्धा सूर खाली लिहून द्याल? वरचा सूर हल्ली भरवशाचा राहिला नाही. कुणाला बोलू नका."

मी कुणाशी काय बोलणार? पण त्यांची भीती मला कळली. वरचा सूर गेला अशी कुजबुज सुरू झाली की गाणारं माणूस आधी कोरसमध्ये जातं आणि मग घरी.

मी लिहून दिलं. पियानोवाले तोंडाचे घट्ट होते. खालच्या पट्टीत तालमी छान झाल्या. मैफलीच्या दिवशी सकाळी पियानोवाल्यांनी सगळी पानं क्रमाने चिकटवून घ्यायला माझ्याकडे दिली, आणि मी शेवटच्या गाण्याचं जुनं पान चिकटवलं. कागद तोच, अक्षर माझंच. दुसऱ्या कुणावर ढकलायची सोयच नाही.

मी मागच्या बाकावर बसलो होतो. शेवटच्या गाण्याचे पहिले दोन सूर पियानोवर वाजले आणि मला कळलं, पट्टी जुनीच आहे. बाईंनी पियानोकडे एकदा पाहिलं. थांबवता आलं असतं, पण त्या गाऊ लागल्या. वरचा सूर जवळ आला तशी मी बाकाची कड धरली. एरवी त्या जागी बाई छाती भरून गात. आज त्यांनी ताकद लावलीच नाही. झोपलेल्या माणसावर पांघरूण घालावं तितक्या हळू तो सूर ठेवला. बारीक होता, जरा थरथरत होता, पण जागेवर होता. त्यांचे हात तेव्हा कुठे होते, ते माझ्या लक्षातच आलं नाही.

नंतर त्या खाली माझ्या खोलीत आल्या, मागोमाग ताई. खालच्या पट्टीचं पान हातात घेऊन मी उभा.

"चुकलं माझं," मी म्हणालो.

"काय चुकलं?" ताईंनी विचारलं.

"काही नाही गं. दादांना सवयच आहे तसं म्हणायची," बाई म्हणाल्या. मग हळूच मला, "मागपर्यंत आला?"

"आला."

मी श्वास रोखून बसलो होतो, म्हणूनही आला असेल. ते मी सांगितलं नाही.

ताई माझ्या खुर्चीत बसल्या. "इतकं हळू गाता येतं होय तुला? मला वाटायचं नाटकवाले नुसते ओरडतात."

"पोटापुरतं ओरडतो," बाई म्हणाल्या आणि डोळे पुसले.

पुढे नऊ वर्षं त्या ते गाणं जुन्याच पट्टीत, तसंच हळू गायल्या. लोक म्हणत, बाईंची ही नवी तऱ्हा. ताई दर वेळी पुढच्या रांगेत.

शेवटचे भेटलो ते थिएटरच्या सुट्टीच्या आदल्या दिवशी. सुट्टी संपायच्या आत त्या गेल्या. मी आवराआवर करत होतो. गुडघे दुखत म्हणून त्या जिन्यातूनच डोकावल्या.

"दादा, ते खालच्या पट्टीचं पान टाकलं नाही ना?"

"नाही. कपाटात आहे, वरच्या कप्प्यात."

"राहू द्या. सुट्टीनंतर लागेल कदाचित."

"काढून ठेवतो."

"आणि जाताना दिवा मालवा. मागच्या सुट्टीत महिनाभर जळत होता."

"मालवतो."

"बरं, येते."

"या."