आप्पाचा पुढचा खांदा

भगवान म्हणजे कळंबोलीच्या लोखंड बाजारातला जुना माथाडी. सळ्यांच्या मोळ्या, अँगल, पत्रे, काय म्हणाल ते त्याच्या खांद्यावरून ट्रकात चढलं. परभणीकडून पोटासाठी आला आणि खांद्याच्या जोरावर कोपरखैरण्यात घर केलं. रिटायर झाला तरी ताठा काही गेला नाही. शेजारणीचा भरलेला सिलिंडर दुसऱ्या मजल्यावर न्यायचा आणि वर पोचल्यावर म्हणायचा, "दुसरा हाय का?"

पण गेल्या वर्षभरात अंग उतरलं. दंडाची कातडी लोंबायला लागली. खुर्चीतून उठताना हाताचा रेटा द्यावा लागायचा. सून संघप्रिया त्याला धरून डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली.

"बाबा, वयानं स्नायू झिजतात," बाई म्हणाल्या. "रोज डाळ, अंडं खा. आणि हलकं वजन उचला, पण नेमानं. खुर्चीतून हात न टेकता उठबस करा. जड काही एकदम उचलायचं नाही."

घरी आल्यावर संघप्रियानं आपले एकेक किलोचे डंबेल्स त्याच्या हातात दिले. रंग कुठला, तर गुलाबी! भगवानच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. अरे, ज्या खांद्यानं लोखंड वाहिलं, त्यानं आता पोरींची खेळणी उचलायची? बाजारातल्या जुन्या माथाडी टोळीतल्या कुणी बघितलं तर? त्यानं ते तांदळाच्या डब्यामागं सरकवून दिले. सून विचारायची, "बाबा, व्यायाम केला का?" हा खुशाल सांगायचा, "केला की, सकाळीच." बायको चांगुणाबाई सगळं जाणून होती. ती नुसती कपाळाला हात लावायची.

असे सहा-सात महिने गेले, आणि आप्पा वारला.

आप्पा साताऱ्याकडचा, टोळीत भगवानचा जोडीदार. मोळीच्या एका टोकाला हा, दुसऱ्या टोकाला तो. दोघांचं कधीचं ठरलं होतं, जो मागं राहील त्यानं दुसऱ्याला पुढचा खांदा द्यायचा. त्या सकाळी आप्पाचा थोरला मुलगा मडकं घेऊन पुढं उभा राहिला आणि टोळीची म्हातारी मंडळी तिरडीला लागली. भगवानचा मुलगा आकाश हळूच म्हणाला, "बाबा, मी लागतो ना."

"सरक बाजूला," भगवान म्हणाला.

टोळीची एक रीत होती. ओझं उचलण्याआधी मुकादम विचारायचा, "धरलं?" ज्याच्या अंगात बळ असेल त्यानंच "धरलं" म्हणायचं. ताप असो, पाठ धरलेली असो, त्यानं आधीच "नाही" म्हणून बाजूला व्हायचं. त्यात कुणाला कमीपणा नव्हता. खोटं "धरलं" म्हणणाऱ्याला मात्र टोळीत जागा नव्हती, कारण त्याच्या खोट्यापायी दुसऱ्याच्या पायावर लोखंड पडायचं.

मुकादम रणजीतही आता म्हातारा झालेला. पण सवय जाते थोडीच? "धरलं?" त्यानं विचारलं.

गुडघा आताच थरथरतोय, हे भगवानला समजत होतं. तरी तोच सगळ्यांत मोठ्यानं ओरडला, "धरलं!"

गेटापर्यंतही पोचले नाहीत. भगवानचा गुडघा मुडपला, खांदा निसटला आणि तिरडी एका अंगाला कलंडली. आप्पाचं डोकं घसरलं. बायकांमधून आप्पाच्या बायकोची किंकाळी आली. आकाशनं झेप घेऊन बांबू धरला म्हणून निभावलं. भगवानच्या जागी मग आकाशच लागला. भगवान धुळीत बसून राहिला आणि त्याचा आप्पा त्याच्याशिवाय पुढं गेला. लाजेनं त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दोन दिवसांनी रणजीत घरी आला. पाणीसुद्धा न घेता त्यानं विचारलं, "धरलं म्हणालास, तेव्हा ठाऊक होतं तुला?"

"होतं."

"मग नाही म्हणायचं होतंस, भगवान."

"लाज वाटली."

रणजीत उठून गेला. दार त्यानं हळूच ओढून घेतलं, तेच भगवानला जास्त लागलं.

त्या रात्री त्याला झोप लागली नाही. सकाळी त्यानं तांदळाच्या डब्यामागून डंबेल्स काढले, खुर्ची उचलली आणि थेट बिल्डिंगच्या दारात जाऊन बसला. येणारी-जाणारी माणसं थबकून बघायला लागली. टोळीतले दोघे दूधवाल्यापाशी उभे होते, तेही बघत होते. भगवानची मान खाली होती, पण तो उठला नाही. चांगुणाबाई लगबगीनं खाली आली.

"अहो, घरात करा की. लोक बघायलेत."

"बघू दे. त्या दिवशी बी बघितलंच की."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मग त्याला जरा हसवावं म्हणून ती त्याच्यासमोर कमरेवर हात ठेवून उभी राहिली आणि मुकादमासारखा आवाज काढून म्हणाली, "धरलं?"

भगवाननं त्या गुलाबी डंबेल्सकडं बघितलं.

"थांब," तो म्हणाला. "आधी उचलून बघतो. मग सांगतो."