हनुवटीखालचा हात

ताई गेली त्याला महिना होत आला. त्या सकाळी फोन आला तेव्हा मी गंगापूर रोडवरच्या तिच्याच फ्लॅटमध्ये होते, दवाखान्यात न्यायला तिचा गाऊन इस्त्री करत. इस्त्री तशीच राहिली, गाऊन जळला… काय करायचं होतं आता त्याचं!

माझी ही थोरली बहीण घरी फ्रेंच शिकवायची. नव्वदच्या सुमारास तिने वर्ग काढला तेव्हा आईने कपाळाला हात लावला होता, "कोण बोलणारे गं इथे फ्रेंच? गोदाघाटावर?" पण मुली येत, एक तर मनमाडहून रेल्वेने यायची. लिहिलं तसं वाचायचं ही आपली सवय, त्यामुळे सगळ्या जणी क्रियापदं शेपटीसकट, म्हणजे मागच्या मुक्या अक्षरांसकट म्हणत. ताईचा इलाज एकच. तळहात हनुवटीखाली धरायचा. शब्द म्हणताना हनुवटी जितक्यांदा हाताला टेकेल तितके त्याचे तुकडे. 'नू पार्लों' म्हणजे आम्ही बोलतो. त्यातल्या 'पार्लों'ला दोनदा. 'इल पार्ल', ते बोलतात. 'पार्ल'ला एकदाच, मग लिहिताना मागे तीन अक्षरं लोंबत का असेनात.

पुढे नाशकात वाइनचे कारखाने आले, तसे वणीकडचे एक द्राक्षबागायतदार काका, चांगले पन्नाशीचे, फ्रेंच पाहुण्यांशी बोलता यावं म्हणून येऊ लागले. "बाई, बोलायचंच नाय तर लिवायचं कशाला? लय उधळी भाषा हाय ही!" हसून हसून ताईच्या डोळ्यांत पाणी आलं. "काका, भांडा खुशाल, पण हात खाली घेऊ नका."

मी समोरच्याच फ्लॅटमध्ये राहायचे, पण वर्गाला एकदाही बसले नाही. "माया, ये ना गं, पाचच मिनिटं," ती दारातून हाक मारायची. मी म्हणायचे, "मरू दे तुझं फ्रेंच, माझा कुकर लागलाय." पंधरा वर्षं माझा कुकर लागलेलाच होता.

अर्धांगाच्या झटक्याने तिची वाचा गेली. क्रियापदांचा तुकडान् तुकडा घासूनपुसून देणारी माझी ताई, आणि तिच्या तोंडून एक अक्षर फुटेना. शेवटच्या संध्याकाळी तिचे ओठ हलत होते. मला काही सुचेना, म्हणून मी तिच्या हनुवटीखाली तळहात धरला… आयुष्यात पहिल्यांदा. तिने माझ्याकडे पाहिलं. हनुवटी टेकली, थांबली, पुन्हा टेकली. दोन तुकडे. पाणी मागत असेल असं वाटून मी चमच्याने पाणी घातलं. तिने ओठ मिटले. पाणी ओघळून माझ्या हातावर आलं. हनुवटी पुन्हा दोनदा टेकली. मी पुन्हा चमचा भरला. मूर्ख बाई मी! 'माया'चेही दोनच तुकडे होतात, हे मला घरी परतताना रिक्षात कळलं. उद्या सकाळी विचारू, म्हटलं.

आता संध्याकाळी तिच्या वर्गाच्या टेबलाशी जाऊन बसते. समोरची तिची खुर्ची मी हलवलेली नाही. हनुवटीखाली हात धरते आणि तिला 'ओ' देते. हनुवटी एकदाच टेकते.