उघड्या तोंडाचा माणूस

मे महिन्यात आमचं नागपूर तोंड बांधून फिरतं. डोक्याला दुपट्टा, डोळ्यांवर काळा चष्मा. सख्खी बायको स्कूटरवरून शेजारून गेली तरी ओळखू येत नाही. अशा सभ्य शहरात आमच्या कॉलनीतल्या कडुनिंबाखाली तो रोज दुपारी उभा राहायचा, चक्क उघड्या तोंडाने! शिवाय येणाऱ्याजाणाऱ्याला मान डोलावून हसायचा, "राम राम भाऊ" म्हणायचा. ओळख ना पाळख आणि हसतो, म्हणजे घरं हेरून ठेवत असणार, यावर कॉलनीच्या ग्रुपवर एकमत झालं. कॅमेऱ्यातला त्याचा फोटो फिरला आणि त्या हसण्यातला धोका सगळ्यांना स्पष्ट दिसला.

शेवटी आम्ही चार जबाबदार नागरिक दुपट्टे घट्ट करून त्याला जाब विचारायला गेलो.

"काहून उभा राहतो गा इथं रोज?"

"हिंगण्याच्या कंपनीची बस येते ना इथं, दुसऱ्या पाळीची," तो हसतच म्हणाला. मग त्याने आमच्याकडे एकेक करून पाहिलं. "पन तुमी कोन भाऊ? मले तं तुमचं तोंडच दिसून नाही राहिलं."

प्रश्न उद्धटच होता. आमच्यापैकी कोणीही दुपट्टा सोडला नाही. ऊन फार होतं.

दुसऱ्या दिवसापासून तोही दुपट्टा बांधून येऊ लागला. आता कॉलनीत कोणालाच त्याची भीती वाटत नाही. मीही निर्धास्तपणे त्याच्यासमोरून जातो. तो अजून मान डोलावतो. हसतो की नाही, ते मात्र कळत नाही.