अकरा रेघांचा बुद्ध

आनंदनगरच्या एका कारखान्यात मी पंपाच्या भागांची ड्रॉइंग करते. त्या कामात एक शिस्त असते: जी रेघ नसली तरी भाग बनवणाऱ्याला कळेल, ती ओढायची नाही. वीस वर्षं हेच केल्यावर मला चाळिशीत चित्रकलेत एम.ए. करायची हुक्की आली, आणि तिथेही मी तेच करायला लागले. कॉम्प्युटरवर बैठ्या बुद्धाची आकृती घ्यायची आणि एकेक रेघ पुसत जायची.

प्रश्न साधा होता. किती रेघा गेल्या की बुद्ध बुद्ध राहत नाही? प्रत्येक वेळी पुसून झालं की कोणाला तरी चित्र दाखवायचं, "हे कोण?" विचारायचं आणि उत्तर वहीत लिहायचं. दोन वर्षांत मी अकरा रेघांवर आले. डोळे, नाक, ओठ, लांब कान सगळं गेलं. उरला एक खांदा, मांडीचा उतार, जमिनीला टेकलेला हात आणि मागे राखाडी-केशरी रंगाचे थर.

वहीतलं पहिलं उत्तर समोरच्या दारातल्या मावशींचं आहे. अंबरनाथ पश्चिमेला आमची दारं समोरासमोर; माझ्या देव्हाऱ्यात गणपती, त्यांच्या शोकेसवर बुद्ध. सुरुवातीला त्या हौसेने चित्रं बघायच्या. चेहरा जायला लागला तशी ती हौस ओसरली, आणि एक दिवस म्हणाल्या, "तोंड का पुसलंस गं त्यांचं? तुमच्या गणपतीची सोंड पुसशील का?"

मी अमूर्त कला वगैरे बरंच काही बोलले. त्यांनी ऐकून घेतलं, चहाही दिला, पण माझं बोलणं त्यांना पटलं नव्हतं हे दिसत होतं. मला ते फार लागलं. मलाही ते कुठे पटलं होतं?

त्यात आमच्या कॉलेजातल्या मार्गदर्शक मॅडमनी माझी वही चाळली आणि मिटून टेबलावर ठेवली. "ज्यांना ज्यांना विचारलंस, त्या सगळ्यांना तू बुद्ध काढतेस हे आधीच ठाऊक आहे. ते तुझं मन राखतायत. न सांगता कोणीतरी ओळखू दे. नाहीतर संशोधन म्हणून हे मी पुढे पाठवणार नाही."

त्यांचं चुकत नव्हतं, म्हणूनच राग आला. अनोळखी माणसं काय कमी आहेत? पण मी कोणाला विचारलंच नाही. कोणी ओळखलं नाही तर? मग दोन वर्षं मी दुसऱ्याच्या घरच्या पूज्य माणसाचं तोंड पुसत बसले होते, एवढाच त्याचा अर्थ उरणार होता. घाबरले होते, सरळ सांगते.

सादरीकरणाची तारीख जवळ आली तशी मी उल्हासनगरच्या एका बॅनरवाल्याला फाइल मेल केली. नाव 'अकरा फायनल', कापड कॅनव्हास, मॅट, तीन बाय चार फूट. याउपर एक अक्षर लिहिलं नाही.

दुकान बंद होता होता गुंडाळी घेऊन आले. मावशी दारातच होत्या. "बघू तरी," म्हणाल्या. त्यांच्या दिवाणावर गुंडाळी उलगडली आणि मी बघतच राहिले. माझ्या अकरा रेघांवर सोनेरी चेहरा होता. मिटलेले डोळे, मागे प्रभावळ, दोन्ही बाजूंना कमळं. आणि खाली 'शुभेच्छुक' असं लिहून फोटोंसाठी पाच रिकामे गोल.

मावशींनी हात जोडले. "आता कसं छान केलंस," म्हणाल्या. इतक्या दिवसांनी त्यांचा चेहरा खुलला होता, आणि मला हे मी केलेलं नाही असं सांगावं लागलं.

दुसऱ्या दिवशी रजा टाकली, पेनड्राइव्ह घेतला आणि उल्हासनगर गाठलं. रिक्षात वाक्यं जुळवत होते, एकाहून एक जहाल. दुकानाचे सिंधी शेठ मात्र शाबासकीची वाट बघत असल्यासारखे हसले. दुसऱ्याच्या मशीनवर फाइल उघडली की फॉन्ट उडतो, अक्षरं गायब होतात, हे बॅनरवाल्यांचं रोजचं दुखणं. उडालेलं ते न विचारता जागेवर बसवून देतात आणि गिऱ्हाईकं खूश होतात.

"मॅडम, फाइल खोली तो भगवान बुद्ध का फेस उडा हुआ था," ते म्हणाले. "मैंने बिठा दिया. नीचे शुभेच्छुक की जगह भी छोडी. जयंती का बॅनर है ना?"

मी तोंड उघडलं आणि जुळवलेलं सगळं विसरले.

"शेठ, हे बुद्ध आहेत असं तुम्हाला कोणी सांगितलं?"

"कोणी कशाला सांगायला पाहिजे? दिखता है ना." त्यांनी स्क्रीनवर माझी मूळ फाइल उघडून बोट ठेवलं. "ये हाथ देखो, जमीन को लगा हुआ. और कौन ऐसे बैठता है?"

मी त्यांना उठवून त्यांच्याच खुर्चीत बसले. पेनड्राइव्हमधून माझी पहिली, चेहरा असलेली फाइल काढली आणि त्यांची तिच्यावर ठेवली. त्यांनी बसवलेला चेहरा मी पुसलेल्या चेहऱ्यावर जवळजवळ नेमका बसला. हनुवटी झुकलेली, तीही तितकीच. मी वरची फाइल लपवली, दाखवली, परत परत लपवत राहिले. शेठ घाबरून पाण्याची बाटली घेऊन आले. "गलत हुआ क्या?" त्यांनी विचारलं.

"नाही हो," मी म्हटलं. त्यांचं बोलणं जसंच्या तसं वहीत उतरवलं आणि खाली त्यांची सही घेतली. सही कशासाठी ते त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही.

संध्याकाळी नवं, बिनचेहऱ्याचं प्रिंट मावशींच्या दिवाणावर उलगडलं आणि शेठची गोष्ट सांगितली. जिथे चेहरा नव्हता तिथे मावशींनी अलगद तळहात ठेवला.

"म्हणजे पुसलं गेलंच नव्हतं की," त्या म्हणाल्या.

मग कात्री आणून त्यांनी कालपासून त्यांच्याकडेच असलेल्या सोनेरी चित्राखालचे पाच गोल कापून टाकले, आणि ते लावायला खिळा ठोक म्हणून मला स्टुलावर चढवलं. मी उतरणार तेवढ्यात म्हणाल्या, "थांब, शेजारी अजून एक ठोक. तुझं लावायला."