मिस गॅरसाइडचं लग्न

केल्डरविकच्या मुलींच्या हायस्कूलात कुणा बाईंचं लग्न ठरलं की शाळा त्यांना चहाची चांदीची किटली द्यायची. मुली गाणं म्हणायच्या, मुख्याध्यापिका दोन शब्द बोलायच्या, आणि दुसऱ्या दिवसापासून त्या बाईंना शाळेचं दार बंद. नियमच होता तसा. लग्न झालेल्या बाईनं घर सांभाळावं, वर्ग नव्हे. गावातली मुलग्यांची शाळा तीनशे वर्षं जुनी. तिथले मास्तर चार-चार पोरांचे बाप होते, पण त्यांना कधी कुणी किटली देऊन वाटेला लावलं नाही.

मुलींची शाळा निघाली तीच मुळी भांडून. गावातल्या काही बायका नगरपालिकेच्या पायऱ्यांवर ठाण मांडून बसल्या, तेव्हा कुठे लोकरीचं एक रिकामं गोदाम मिळालं. हेस्टर गॅरसाइड ही त्या गोदामातल्या पहिल्या मुलींपैकी एक. बाप चांभारकाम करायचा. दमट हवेत भिंतींना मेंढरांचा वास यायचा आणि त्या वासात ही पोरगी भूमिती शिकली. पुढे शिष्यवृत्तीवर लीड्सला जाऊन पदवी घेऊन आली आणि त्याच शाळेत गणित शिकवू लागली. तोवर शाळेला विटांची नवी इमारत आणि मोठं सभागृह मिळालं होतं. मिळवलं होतं मिस क्लेमन्ट यांनी. या मुख्याध्यापिकाबाईंनी उभं आयुष्य त्या शाळेवरून ओवाळून टाकलेलं, आणि आपल्या शाळेतल्या बाकीच्या बाईंनीही तेच करावं अशी त्यांची साधी अपेक्षा होती.

हेस्टर पस्तिशीची झाली तेव्हा गावानं तिच्या लग्नाचा विषय केव्हाच सोडून दिला होता. नेमका तेव्हाच तिला एनॉक बूथरॉइड भेटला. खाणीत मुकादम व्हायचं तर परीक्षा द्यावी लागे, आणि त्या परीक्षेच्या गणितासाठी ती संध्याकाळी खाणकामगारांचा वर्ग घ्यायची. एनॉक मागच्या बाकावर बसायचा आणि पटलं नाही तर सरळ म्हणायचा, "बाई, हे कागदावर ठीक आहे. पण खाली खाणीत छत असं वागत नाही." तिला राग यायचा. मग एक दिवस तो आला नाही, तर त्याचाही राग आला. तेव्हा तिचं तिलाच काय ते उमगलं.

उन्हाळ्याच्या सुट्टीत ते दोघं हल शहरात त्याच्या बहिणीकडे राहिले आणि तिथेच नोंदणी करून लग्न केलं. हेस्टर परत आली ती मिस गॅरसाइड म्हणूनच. ती आपल्या जुन्या भाड्याच्या खोलीत, तो खाणीच्या चाळीत आईपाशी. शनिवारी ती भाजीच्या वाफ्यांमधून मागच्या दारानं त्या घरी जायची. सासू सॅली तोंडाची फटकळ. सुनेची अंगठी तिनं मोहरीच्या डब्यात ठेवलेली. हेस्टर आली की डबा पुढे सरकवायची. "घाल बोटात. माझ्या घरात तरी नवरा-बायकोसारखे बसा."

"आई, हळू बोल," एनॉक म्हणायचा.

"हळू कशाला? चोरी केलीय का तुम्ही? बाया नवऱ्यापासून लपून दुसऱ्याला भेटतात. ही बया नवऱ्यालाच लपून भेटते!"

दोन वर्षं असंच चाललं. तेवढ्यात एनॉक परीक्षा पास होऊन मुकादम झाला. हेस्टरला शाळेच्या जिन्यात पावलं वाजली तरी धस्स व्हायचं. शिवण शिकवणाऱ्या मिस पॉग्सननी एकदा तिला चाळीच्या गल्लीत पाहिलं. दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी सगळ्यांसमोर विचारलं, "गणिताच्या बाईंना खाणीच्या चाळीत काय काम असतं हो?"

"शिकवणी," हेस्टर म्हणाली.

"शनिवारी? आणि केस विंचरून?"

बाकीच्या बाया हसल्या. हेस्टरही हसली. मग वह्यांचा गठ्ठा उचलून वर्गाकडे निघाली.

एकोणीसशे सदतीसच्या जुलैत शाळेचा बक्षीस समारंभ होता. सभागृह भरलेलं. पांढऱ्या पोशाखातल्या मुली, मागे आईबाप, मंचावर शाळा समितीचे अध्यक्ष आणि नगरपालिकेतले ज्येष्ठ सभासद आल्डरमन हिंचक्लिफ, धान्याचे बडे व्यापारी. हेस्टर मंचासमोर खाली पियानोपाशी बसली होती. हिंचक्लिफसाहेब स्त्रीच्या खऱ्या कर्तव्याबद्दल बोलत होते, आणि तेवढ्यात खाणीचा भोंगा झाला.

पाळी सुटायची ती वेळ नव्हती. भोंगा थांबेचना. मागच्या रांगांतल्या बाया उठून उभ्या राहिल्या. कुणीतरी खुर्ची पाडली. हिंचक्लिफसाहेबांचं वाक्य अर्ध्यातच राहिलं.

"सगळ्यांनी बसून घ्यावं," मिस क्लेमन्ट उठून म्हणाल्या. "गावाभोवती तीन खाणी आहेत. नक्की कळेपर्यंत मुलींना घाबरवण्यात अर्थ नाही. मिस गॅरसाइड, शाळेचं गीत."

हेस्टरनं पियानोवर बोटं ठेवली. एनॉक त्या आठवड्यात दुपारच्या पाळीला होता, म्हणजे खाली गेल्याला तास-दीड तास झाला असणार. सूर बोटांना पाठ होते म्हणून निघाले. तिला स्वतःला काहीच ऐकू येत नव्हतं. दुसरं कडवं चालू असताना शाळेचा शिपाई आत आला आणि मिस क्लेमन्टच्या कानाला लागला. त्यांनी हात वर केला, गाणं थांबलं.

"मूरएंड खाण आहे," त्या म्हणाल्या. "ज्यांचे वडील किंवा भाऊ तिथे आहेत, त्या मुलींनी जावं."

मूरएंड. एनॉकची खाण. इकडेतिकडे पांढरे पोशाख उठू लागले. पहिली उठली फ्रेडा लॉकवुड, वर्गातली सर्वांत हुशार पोरगी. हातातलं बक्षिसाचं पुस्तक तिनं खुर्चीवर ठेवलं, मग पुन्हा उचललं, आणि पुन्हा ठेवलं. हेस्टरही उठली होती. आपण उठलोय हे तिला मिस क्लेमन्टनी आपल्याकडे पाहिलं तेव्हा कळलं.

"हो, बरोबर," मिस क्लेमन्ट म्हणाल्या. "यांच्याबरोबर कुणीतरी बाई हवीच. तुम्ही जा."

आयतीच सबब मिळाली होती. हेस्टर ती घेऊन बाहेर पडली.

खाणीच्या फाटकापाशी गर्दी झाली होती, पण आवाज नव्हता. केल्डरविकच्या बायका अशा वेळी रडत नाहीत. रडल्या तर आतल्या माणसाला ते भोवतं असं मानतात. सॅली सगळ्यांच्या पुढे फाटकाला धरून उभी होती. तिनं मागे वळून सुनेकडे पाहिलं. ओळख दिली नाही. पोरीची नोकरी जाऊ नये म्हणून त्या म्हातारीनं पोटच्या पोराच्या काळजीतसुद्धा तोंड आवरलं. त्या फटकळ बाईला ते किती जड गेलं असेल, ते हेस्टरलाच ठाऊक.

बातमी तुटक तुटक येत होती. उत्तरेच्या भागात छत कोसळलंय. काही जण पलीकडे अडकलेत. मुकादम बाहेर पडत होता, पण मागे राहिलेल्यांसाठी परत आत गेला.

"कोण मुकादम?" कुणीतरी विचारलं.

"बूथरॉइड."

फ्रेडानं हेस्टरचा हात पकडला होता. "मिस, माझे बाबा त्यांच्याच हाताखाली आहेत. मिस्टर बूथरॉइड परत गेलेत म्हणजे बाबा सुटतील ना? हो ना, मिस?"

हेस्टरच्या मनात आलेलं सांगण्यासारखं नव्हतं. कशाला गेला परत? दारापर्यंत आला होता ना? "हो," ती म्हणाली. "गेलाय तर आणेल."

ऊन कलायला लागलं. शेवटी खाणीच्या तोंडाशी माणसं वर आणणाऱ्या पिंजऱ्याची साखळी खडखडली आणि पाठोपाठ फाटक किलकिलं झालं. दारातल्या पोलिसानं हाक दिली, "बूथरॉइडच्या घरचं कोण आहे? फक्त घरचं."

"मी आहे, त्याची आई," सॅली म्हणाली. दोन पावलं टाकली आणि थांबली. इतका वेळ ताठ उभी राहिलेली बाई फाटकाच्या दांड्याला लटकली. "मला नाही बघवायचं," ती पुटपुटली. "जिवंत आहे का नाही ते आधी सांग. सांग रे मेल्या!"

"मला माहीत नाही, आजी. आत चला."

हेस्टरनं फ्रेडाचा हात सोडवून घेतला आणि पुढे झाली. पोलिसानं आडवा हात घातला. तो तिला ओळखत होता, त्याची बहीण तिच्या वर्गात होती.

"मिस, तुम्ही मुलींपाशी थांबा. आत फक्त घरच्यांना."

"मी त्याची बायको आहे."

ती हळू आवाजात बोलली होती, पण त्या शांततेत ते शेवटच्या माणसापर्यंत गेलं. मागे कुणीतरी "आँ?" म्हणालं. पोलिसाची नजर तिच्या रिकाम्या बोटावर गेली. "मिस, अशा वेळी..."

"अंगठी माझ्या घरी मोहरीच्या डब्यात आहे!" सॅलीला एकाएकी बळ आलं. "जाऊन बघतोस? माझी सून आहे ती, दोन वर्षं झाली. हो बाजूला!"

तो बाजूला झाला.

आत तीन स्ट्रेचर होते. दोघांच्या तोंडावर कापड. तिसऱ्यावर एनॉक. चेहरा कोळशानं माखलेला, डोळे उघडे आणि गुडघ्याखाली जे होतं त्याकडे डॉक्टर तिला बघू देईना. एनॉकनं तिला पाहिलं आणि त्याही अवस्थेत चिडला. "तू इथं कशी? कुणी पाहिलं का?"

"सगळ्यांनी," ती म्हणाली.

झाकलेल्यांपैकी एक फ्रेडाचा बाप होता. हेस्टर बाहेर आली, फ्रेडानं तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि तिला कळलं. तिला जवळ घेताना हेस्टरला आनंद झाला आणि त्याची शरमही वाटली. माझा वाचला, हिचा गेला.

एनॉकचा उजवा पाय कापावा लागला. तो इस्पितळातून यायच्या आधीच समितीनं हेस्टरला बोलावलं.

"नियम म्हणजे नियम," हिंचक्लिफसाहेब म्हणाले. "आज तुम्हाला सोडलं तर उद्या सगळ्याच लग्न करत सुटतील."

"मी शिकवण्यात कमी पडले का?"

"प्रश्न तो नाही."

"मग कोणता आहे?"

"लग्न झालेल्या बाईला पोसायला नवरा असतो."

"माझ्या नवऱ्याला एकच पाय उरलाय, साहेब. तुमच्या गावातली माणसं काढायला गेला होता."

मिस क्लेमन्ट एका टोकाला बसल्या होत्या. त्यांनी तोंड उघडलं ते शेवटी. "मी तुम्हाला मुलींबरोबर पाठवलं, मिस गॅरसाइड. तुम्ही माझ्या शब्दाचा आडोसा घेतलात. दोन वर्षं रोज सकाळी तुम्ही माझ्यासमोर उभं राहून खोटं बोललात."

ते खरं आहे हे हेस्टरला माहीत होतं. ती उठली. तिला किटली कुणी दिली नाही.

पुढची वर्षं ओढगस्तीची गेली. एनॉकनं घरातच जोडे शिवायला घेतले. ते काम त्याला हेस्टरनं शिकवलं, बापाकडे पाहून पाहून आलेलं. पाय गेल्यापासून तो घुमा झाला होता, कधी नुसता भिंतीकडे बघत बसायचा. फ्रेडाची आई पोरीला शाळेतून काढून गिरणीत घालायला निघाली होती. हेस्टर तिच्या दारात जाऊन बसली. "संध्याकाळी मी शिकवीन. एक वर्ष द्या मला, तिला शिष्यवृत्ती मिळेल," म्हणाली. फ्रेडा चिकाटीची निघाली. सॅलीच्या स्वयंपाकघरात पीठ मळणं चालायचं त्याच टेबलाच्या कोपऱ्यावर ती समीकरणं सोडवायची.

मग लढाई आली. मुलग्यांच्या शाळेतले तरुण मास्तर फौजेत गेले, आणि त्यांच्या जागी मुलींच्या शाळेतल्या गणित-विज्ञानाच्या बाया तिकडे ओढल्या गेल्या. चाळीसच्या वसंतात मिस क्लेमन्ट स्वतः चाळीत आल्या. पुढच्या दारानं. सॅलीनं त्यांना बस म्हटलं नाही.

"वरच्या वर्गांना शिकवायला माणूस नाही," त्या उभ्या उभ्याच म्हणाल्या. "समितीनं परवानगी दिलीय. लढाईपुरती."

"लढाई संपली की पुन्हा हाकलणार?" सॅलीनं विचारलं.

"आई," हेस्टर म्हणाली. मग मिस क्लेमन्टकडे वळली. "मी येईन. पण मुली मला मिसेस बूथरॉइड म्हणतील."

त्या शाळेत आजवर कधी कुणी बाईंना मिसेस म्हटलं नव्हतं. एनॉकनं हातोडी खाली ठेवली. "मॅडम," तो म्हणाला, "मी हिला म्हणेन, जाऊ नकोस. पण माझं ही कधी ऐकत नाही."

"माझंही नाही ऐकलं," मिस क्लेमन्ट म्हणाल्या. मग इतक्या हळू आवाजात की हेस्टरला पुढे वाकावं लागलं, "त्या दिवशी समितीत मी तुमच्या बाजूनं बोलायला हवं होतं. मला भीती वाटली. एकीला सूट दिली तर शाळेच्या मुळावर येईल असं वाटलं. ही शाळा त्यांनी आम्हाला कधी मनापासून दिलीच नव्हती, हेस्टर."

"ठाऊक आहे," हेस्टर म्हणाली. "मी गोदामातली आहे."

सॅलीनं खुर्ची ओढून दिली.

सोमवारी हेस्टर वर्गात गेली तेव्हा मुली उठून उभ्या राहिल्या आणि घुटमळल्या. कुणाच्या तोंडून मिस, कुणाच्या तोंडून मिसेस. तिनं फळ्यावर नाव लिहिलं, पुसून मोठं लिहिलं आणि म्हणाली, "बसा. पान बेचाळीस."

लढाई संपण्याआधीच देशभरातला तो नियम कायद्यानं गेला, त्यामुळे तिला कुणी हाकललं नाही. मिस पॉग्सननी तर लगेच त्याच उन्हाळ्यात पोस्टमास्तरांशी लग्न उरकलं. कधीपासून ठरलं होतं ते कुणाला सांगितलं नाही. फ्रेडा लीड्सहून पदवी घेऊन आली आणि हेस्टरच्या शेजारच्या वर्गात उभी राहिली. हेस्टर साठीपर्यंत शिकवत राहिली. त्र्याहत्तर साली मुलींची आणि मुलग्यांची शाळा एक झाली, पाटी बदलली. तोवर एनॉक जाऊन काही वर्षं झाली होती. नव्या शाळेच्या उद्घाटनाला तिला बोलावलं होतं, पण गुडघे दुखत होते म्हणून ती गेली नाही. संध्याकाळी फ्रेडा आली आणि काय काय झालं ते सांगत दोघी चहा पीत बसल्या.